सूर कोणी लिहिले?

तिची रचना वाद्यवृंदाने वाजवली आणि सभागृह खूश झालं. ती जन्मांध, संगणक एकेक सूर कानात वाचून दाखवायचा आणि चुकलेला सूर ती स्वतः पुसून पुन्हा लिहायची. पण जो तो तिच्यासमोरच तिच्या नवऱ्याला गाठून म्हणत होता, "धन्य आहे हो तुमची! एवढं सगळं लिहून द्यायचं म्हणजे काही खायचं काम नाही."

तिचा चेहरा पडलेला पाहून शेवटी नवऱ्याने माइकच हातात घेतला. "अहो, मला यातलं ओ की ठो कळत नाही! सगळं हिनेच लिहिलंय. मी फक्त चहा करून देतो."



त्याचा हा विनय पाहून लोक गहिवरले, आणि तिला मिळाल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या त्याला मिळाल्या.