उसळीतले बीट

दिवाळीच्या सुट्टीत घरात चकल्या, शेव आणि अनारशांचे डबे भरलेले असताना सोमनाथने त्यांना हात लावला नाही, आणि त्याच्या पोटातून तेलही उतरले नाही. सुट्टी संपली, शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतली त्याची कंपनी उघडली, बायकोने दिलेला बिनतेलाचा डबा पुन्हा सुरू झाला, आणि तेलही पुन्हा सुरू झाले.

तेल ही अतिशयोक्ती नव्हती. जेवणातली साधारण एक तृतीयांश चरबी अंगात शिरू न देता तशीच बाहेर घालवायची, एवढेच त्या कॅप्सूलचे काम. खाण्यात तेल जास्त झाले, की ते दुसऱ्या दिवशी शौचात दिसे. कधी गणवेशाच्या पँटवरही नारिंगी डाग पडे. यकृतात चरबी साठून सूज होती म्हणून डॉक्टरांनी ती कॅप्सूल दिली होती, आणि बजावले होते, "जेवण सुधारा, चाला. नुसत्या औषधाच्या जिवावर राहू नका. तीन महिन्यांत फरक पडला नाही, तर बंद करू." तीन महिने येत्या शनिवारी भरत होते. सोमनाथ पहाटे गारखेड्याच्या मैदानावर घाम निघेपर्यंत चालत असे. वजन जिथल्या तिथे होते.

त्याची बायको मोनिका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. निरीक्षण नावडते म्हणून खोटे ठरत नाही, असे ती मुलांना सांगे. आता पँट भिजवताना तेच स्वतःला सांगावे लागत होते.

"गेटवर कचोरी खाता का? खात असाल तर सांगा, मी भांडणार नाही."

"आईची शपथ. त्या गाडीकडं बघतसुद्धा नाय मी."

शपथ हा पुरावा नव्हे. सोमवारी रात्री तिने बीट किसले. दिवाळीत बिटाची कोशिंबीर खाऊन दुसऱ्या सकाळी सोमनाथ न्हाणीघरातून ओरडत बाहेर आला होता; बिटाने लघवी लाल होणे सगळ्यांच्या बाबतीत घडत नाही, त्याच्या बाबतीत घडते, हे तेव्हा कळले होते. मंगळवारी तिने तो कीस अख्ख्या मसुराच्या उसळीत मुरवला. काळ्या मसाल्यात रंग दिसत नाही. संध्याकाळी डबा चाटूनपुसून रिकामा परत आला.

बुधवारी सकाळी तिने विचारले, "आज काही वेगळं दिसलं?"

"काय दिसणार? काय नाय."

म्हणजे उसळ त्याच्या पोटात गेलीच नव्हती. मोनिका पहाटे उठून जे शिजवत होती, ते कुठेतरी ओतून दिले जात होते, आणि वर शपथ घेतली जात होती. त्या दिवशीच्या डब्यात तिने वांग्याचे भरीत दिले, मात्र झाकण नेहमीपेक्षा जोरात बसले.

दुपारी ती प्रयोगशाळेत असताना फोन आला.

"मोनिका, कालच्या मसुरात बीट होतं का गं?"

तिने हातातली परीक्षानळी स्टँडमध्ये ठेवली. "डबा तुमचा होता. मला काय विचारता?"

सोमनाथच्या मागून एक कापरा आवाज आला, "अरे बोल ना जल्दी! इधर मेरा खून जा रा, और तू बीट-बीट क्या कर रा!"

आवाज ओळखीचा होता. मोईन, सोमनाथच्या शेजारच्या मशीनवरचा, करमाडहून येणारा.

"होतं बीट," मोनिका म्हणाली. "मोईनभाईंना सांगा, बहुतेक ते रक्त नाही."

"भाभी, बहुतेक नक्को बोलो!"

"त्याला रक्त पातळ करायची गोळी चालू हाय," सोमनाथ हळूच म्हणाला.

"मग अंदाजावर राहू नका. आत्ता लघवी तपासून घ्या. तुम्ही सोबत जा."

संध्याकाळी तो आला तो चप्पल न काढताच उंबऱ्यात बसला. मोईनच्या तपासणीत रक्त नव्हते.

"उन्हाळ्यात मोईनला स्टेंट टाकला," तो म्हणाला. "अम्मीला सांगितलं नाय. मोठा पोरगा बसल्या जागी गेला त्यांचा, त्या ऐकूनच खचतील. डॉक्टर म्हणले तेल-तूप बंद. तेल कमी घाल म्हणलं, तर अम्मी विचारणार, का. म्हणून तो माझा डबा खातो."

"आणि तुम्ही त्यांचा."

"टाकायचा कसा? म्हातारीनं हातानं केलेलं असतं. आन् खोटं कशाला बोलू, लई भारी असतं."

"स्वतःच्या यकृताचा विचार नाही आला?"

"आला की. म्हणलं, आपल्याला गोळी हाय. तेल काढतीच ना ती भायेर."

मोनिका त्याच्याशेजारी उंबऱ्यावर टेकली. मनातून काहीतरी जड उतरले होते, पण हिशेब चुकलेला होता आणि तो सांगणे भाग होते.

"एक हिस्सा काढते. दोन राहतात."

"दोन?"

"दोन. उद्यापासून डबे मी दोन देते. पण अम्मीच्या डब्याचं काय करायचं, ते मोईनभाईंनी अम्मीला सांगूनच ठरवायचं."

"रडंल त्यो."

"रडू द्या. शनिवारी आपण डॉक्टरांना खरं सांगू."

सोमनाथने मान हलवली आणि चपला काढल्या.

शनिवारी डॉक्टरांनी वजन न उतरण्याचे कारण विचारले, तेव्हा मोनिकाने ते सांगितले. औषधात खोट नव्हती, चालण्यातही नव्हती. जे तेल औषधाने अडवले, ते करमाडच्या अम्मीच्या हातचे होते. जे अडले नाही, तेही.