पायथ्याचे दगड

पोकलेनच्या केबिनचं दार आतून बंद होतं, म्हणून म्हाताऱ्याने घण काचेवर घातला. दुसऱ्या घावाला काच आत कोसळली आणि आत बसलेल्या धाकट्या पोराच्या मांडीवर तिचा सडा पडला.

"उतर खाली!"

"बाबा, डोकं फिरलंय का? खाणीत यायला बंदी आहे!"

"ही खाण मी फोडली. मला बंदी?"

फोडली होती, यात शंकाच नाही. याच घणाने त्याने जन्मभर हा डोंगर खाल्ला आणि शेवटी एका सकाळी डोंगराने त्याचा थोरला खाल्ला. दरड आली ती त्याला घेऊनच बसली. शोध सुरू झाला आणि गुंडाळला गेला, कारण खालचा एक दगड काढला की वरून चार येत. आता साहेबांनी उलटं काम काढलं होतं. पायथ्याशी मोठे दगड रचायचे, म्हणजे डोंगराला टेकू मिळेल आणि वरच्या कडेची घरं वाचतील. दगड रचायला धाकट्याला बसवलं होतं. थोरला गाडला गेला होता, बरोबर त्याच जागी.

"खण," म्हातारा म्हणाला. "माझं पोरगं आत आहे. त्याच्यावर दगड रचतोस? लाज वाटत नाही?"

"दादा आत आहे हे मला ठाऊक नाही? पायथा उकरला तर घरं खाली येतील. आई आहे वर. तिला अंथरुणातून उठता तरी येतं का?"

"तू खुर्चीवाला! बसल्या बसल्या दगड फोडणारा. तू मला डोंगर शिकवणार?"

म्हाताऱ्याने फुटक्या काचेतून हात घालून कडी काढली. धाकट्याने त्याच्या छातीत लाथ घातली. म्हातारा खाली दगडांवर आदळला, उठला, तोंडातलं रक्त थुंकला आणि पुन्हा चढला. बापाला लाथ मारली याचं वाईट वाटायलाही धाकट्याला सवड मिळाली नाही. घण आला. डोकं वाचवायला त्याने उजवा हात मध्ये घातला आणि मनगट काडकन मोडलं. ओरडणाऱ्या पोराला म्हाताऱ्याने कॉलर धरून बाहेर फेकलं, स्वतः खुर्चीत घुसला आणि उजवा दांडा दोन्ही हातांनी मागे खेचला.

बकेटचे दात दगडांत रुतलेले होते. ती दगडांसकट वर उठली आणि पायथ्याला खिंडार पडलं.

डोंगर आतून गुरगुरला. वर कडेला थोरल्याची बायको बसलेली असे. तिथल्या भेगेवर सिमेंटचा पट्टा लिंपला होता. तो तडकला की शिट्टी फुंकायची, हे तिचं काम. नवरा गेल्यापासून ती डोळ्यांत तेल घालून तो पट्टा बघत होती.

शिट्टी वाजली. वाजत राहिली. केबिनच्या छतावर खडे बरसू लागले, मग एक धोंडा आला आणि पत्रा चेपला. शिट्टी एकदम बंद झाली.

"का थांबली ती?" म्हाताऱ्याने विचारलं.

"आईला उचलायला गेली असेल." धाकटा कसाबसा पायरीवर चढला होता. "वहिनी एकटी, आई तिला पेलायची नाही. दगड परत ठेवायला हवेत, आत्ताच्या आत्ता."

"मग ठेव ना!"

धाकट्याने उजवा हात पुढे केला. पंजा भलत्याच बाजूला लोंबत होता. म्हाताऱ्याने आपली करणी पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"डावा दांडा मी धरतो," धाकटा दात आवळून म्हणाला. "उजवा तुम्ही धरा. पुढे रेटला की बकेट खाली जाते."

"मला जमायचं नाही रे."

"दुसरं कोण आहे इथे?"

धाकट्याने बकेट खिंडारावर आणली. तिथे, मातीतून, एक बूट वर आला होता. टाचेला जाड काळी तार शिवलेली. ती तार म्हाताऱ्यानेच थोरल्याला शिवून दिली होती.

"दिसतोय रे तो."

"मलाही दिसतोय."

"हात घातला तर निघेल."

"खाली घ्या, बाबा."

आणखी एक धोंडा आला आणि पुढची काचही गेली. म्हाताऱ्याच्या कपाळातून रक्त डोळ्यात उतरत होतं. ते पुसायला त्याने हात उचलला नाही. दांडा केसभर पुढे रेटला, पुन्हा केसभर. धाकटा रोज इथे दगड ओतायचा तेव्हा वरच्या घरांतली भांडी हलायची. आज बकेट टेकली, उलटली, दगड उतरले, आणि म्हाताऱ्याने जराही आवाज होऊ दिला नाही.

"हं," तो म्हणाला. "पुढचा कुठला घेऊ?"