नानांना आग्रह

गोदाघाटावरच्या पिंपळावर अकरा कावळे होते आणि खाली मांडलेल्या नानांच्या दहाव्याच्या पिंडाला एकही शिवत नव्हता. धाकट्या बहिणीचं, दिशाचं लग्न करून देईन, आईला अंतर देणार नाही, अशी सगळी वचनं महेशने हात जोडून देऊन पाहिली. शेवटी गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले, तसा त्याचा धीर सुटला. वडील उपाशीच गेले, हे जन्मभर कसं सोसायचं?

संमोहनाने लोकांची सिगारेट सोडवणं हा महेशचा व्यवसाय. त्याने तोच मुरलेला आवाज लावला. "नाना, जसजसा माझा आवाज ऐकाल, तसतशी भूक वाढत जाईल. आधी भात घ्याल, की आधी वडा?"

"आरं, नाना काय तुझा पेशंट हाय का?" पुंजाकाका करवादले.

तेवढ्यात आई पुढे आली. सांगावं त्याच्या नेमकं उलट करणाऱ्या त्या माणसाला चाळीस वर्षं तिनेच जेवू घातलं होतं. रडून बसलेल्या आवाजात ती म्हणाली, "नका जेवू, जा! उचलते मी पान."

&nbsp;

पिंपळावर दहा कावळे उरले.