लिडविनाचा पाव

गोठलेल्या तळ्यावर, लव्हाळ्याजवळ आधीच कुणीतरी बसलं होतं. क्राइनने ढकलगाडीतून मान उंच करून पाहिलं आणि तो मुलीवर खेकसला, "बघ, झाला ना उशीर! आता माणसं येऊन बसल्यावर संतबाई यायची कशी?"

"मग स्वतः चालत यायचं होतंत," लिडी मागून म्हणाली. बर्फावर गाडी ढकलून ती थंडीतही घामाघूम झाली होती. "गुडघे सुजणार तुमचे आणि बोलणी खायची मी."

क्राइनच्या मांडीवर फडक्यात गुंडाळलेला मनुकांचा पाव होता. तळं गोठलं की पहिल्याच पहाटे तो असा पाव इथे आणून ठेवी आणि मागे न बघता घरी जाई. संताला दिलेल्याकडे वळून बघायचं नसतं, असा गावचा रिवाज. दुसऱ्या दिवशी पाव जागेवर नसे आणि क्राइनचा हिवाळा सुखात जाई. यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि पहिली पहाट हुकली. तेव्हापासून त्याच्या जिवाला घोर लागला होता. उपकार विसरलेला माणूस अशी संतबाईच्या मनात आपली ओळख झाली, तर वर कुठल्या तोंडाने जायचं?

बसलेली बाई येणाऱ्याजाणाऱ्यांच्या वाटेवरचा बर्फ झाडणारी होती. मांडीवर झाडू, एक पाय सरळ ताठ. टोपीच्या घडीवरून पलीकडच्या काठची दिसत होती.

"उठा जरा, बाई," क्राइन म्हणाला. "ही जागा लिडविनाची आहे."

"ते मला ठाऊक आहे," म्हातारी म्हणाली, पण जागची हलली नाही. "तुम्हाला कुणी सांगितलं?"

एवढं विचारायचीच खोटी होती. लिडीने ही गोष्ट इतक्यांदा ऐकली होती की ती आधीच आभाळाकडे बघू लागली.

बायको अडली होती. पलीकडच्या काठावरून सुईण आणायला क्राइन तळ्यावरून सुसाट निघाला होता. सकाळची वेळ, पण चार पावलांपुढचं दिसू नये असं धुकं. आणि इथे, याच लव्हाळ्याजवळ, बर्फावर आडवी पडलेली एक पोरगी. पांढरी टोपी, पांढरा एप्रन, चेहराही तसाच पांढरा. क्राइनला पुढचं कुणी सांगावं लागलं नाही. लिडविना बर्फावर पडली, जन्माची अंथरुणाला खिळली आणि संत झाली, हे त्या मुलखात पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. धुक्यात ती पडली तशीच दिसते आणि दिसते तिथे बर्फ कच्चा असतो, असं सगळे म्हणत.

"हात वर केला तिने," क्राइन म्हणाला. "म्हणाली, 'थांब! पुढे येऊ नकोस, बर्फ फुटेल!' मी टोपी काढली, गुडघे टेकले, प्रार्थना केली आणि मागे फिरलो. बांधावरून लांबच्या वाटेने गेलो. सुईण आली, बायको वाचली, ही जन्मली. हिचं नाव दुसरं काय ठेवणार?"

म्हातारीने झाडू बाजूला ठेवला.

"आणि शिडी?"

"कसली शिडी?"

"पुढे म्हणाली होती ना ती. 'शिडी आण, माझा पाय मोडलाय.'"

क्राइनची नजर तिच्या ताठ पायावर गेली आणि तिथून हलेना.

"फुटक्या बर्फापाशी खुणेची फांदी रोवायला आले होते," ती म्हणाली. "तिथेच घसरले. तुम्ही गुडघे टेकलेत तेव्हा वाटलं, शहाणा माणूस आहे, बर्फाचा अंदाज घेतोय. आता शिडी आणेल, आडवी टाकून मला ओढेल. तर तुमची प्रार्थनाच एवढ्या मोठ्याने, की माझी हाक कोण ऐकतो! दुपारी मासेवाल्यांनी उचलून काठावर नेलं."

लिडीने तोंडावर हात दाबला. हसू आलं होतं की रडू, तिचं तिलाच कळेना. क्राइन मात्र गाडीतून उतरून सुजलेल्या गुडघ्यांवर तिच्यापुढे बसला.

"मी तुम्हाला तशीच टाकून गेलो. हाणा तो झाडू माझ्या डोक्यात."

"पहिला हिवाळा शिव्याच दिल्या," म्हातारी म्हणाली. "असल्या पायाच्या पोरीला कामावर कोण घेणार? घेतला झाडू आणि आले बर्फ झाडायला. तर याच जागी मनुकांचा पाव! पुढच्या वर्षी पुन्हा. दर वर्षी. म्हटलं, पडलेलीचं दुःख पडलेलीलाच कळतं, लिडविना मला विसरलेली नाही. पोट काय, कशानेही भरतं हो. पण कुणीतरी आपली आठवण ठेवतंय, यावर जगले मी. यंदा पाव आला नाही, तेव्हापासून रोज येऊन बसतेय. माझं काय चुकलं, ते विचारायला."

क्राइनने फडकं सोडलं आणि पाव तिच्या मांडीवर ठेवला. तिने पावाला हात लावला नाही. ती लिडीकडे बघत होती.

"हीच का ती? त्या दिवशीची?"

लिडी खाली वाकली. म्हातारीने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला, गालावरून अंगठा फिरवला.

"मग पाय फुकट नाही गेला माझा," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

बापलेकींनी मिळून तिला गाडीत बसवलं. "शिडी आणायला फार उशीर केला मी," क्राइन म्हणाला. "पण घरी वाटाण्याचं सूप शिजतंय. बायकोला बघू दे एकदा तुम्हाला."

लिडी गाडी ढकलायला पुढे झाली, तर त्याने तिचा हात बाजूला सारला. गुडघे बोंबलत होते, बोंबलू देत. दांड्याचा आधार घेत तो पाऊल पाऊल गाडी ढकलू लागला. मागे वळून बघायचं नव्हतं, बघायची गरजही नव्हती. संतबाई त्याच्या पुढ्यात बसून पाव खात होती.