तांब्याचा ताईत

"ताईत काढलास तर आत फिट येईल गं!" आत्याने माझा दंडच धरला.

"एमआरआय मशीनमध्ये धातू चालत नाही, मावशी," डॉक्टर मॅडम म्हणाल्या. "मेंदूचा कुठला भाग किती ऑक्सिजन वापरतो ते बघूनच हिच्या फिटचं ऑपरेशन ठरेल."

सहा वर्षं दंडात रुतलेला तो तांब्याचा ताईत मी स्वतः सोडला. आत्याच्या हातात दिला.

आत मशीनची नुसती ठोकाठोक! 'मनातल्या मनात प्राण्यांची नावं घे,' असं सांगितलं होतं. मी मुंगीपासून निघाले ती थेट पाणघोड्यापर्यंत पोचले. चाळीस मिनिटं, आणि फिटचा पत्ता नाही!

बाहेर आत्या ताईत मुठीत आवळून थरथरत उभी. "आण दंड लवकर!"

मी ताईत घेतला आणि तिच्याच दंडाला बांधला. "तुलाच जास्त गरज दिसतेय."