घंटेवरचा हात

पेनल्टी मिळाली आणि हॉलमधल्या चाळीसएक माणसांनी पडद्याकडे पाहायचं सोडून बेव्हकडे पाहिलं.

ती भिंतीशी उभी होती, घंटेची दोरी हातात धरून. मोडीत निघालेल्या एका मासेमारी बोटीची ती पितळी घंटा तिच्या वडिलांनी, नॉरिसनी, फुटबॉल क्लबच्या समर्थक मंडळाच्या या हॉलमध्ये आणून टांगली होती. तीस वर्षं त्यांनीच ती वाजवली. नियमही त्यांचाच. आपल्या खेळाडूने गोल केला किंवा अडवला, की एक टोला. तो चुकला, तर टोला नाही. घंटेवर नुसता तळवा ठेवायचा, नेहमी त्याच जागी, क्षणभर. दर शनिवारी क्लबच्या सामन्याला हे चालायचं. वर्ल्डकपमध्येही तेच, मग आपला खेळाडू कुठल्याही देशाच्या शर्टात असो. "देश त्यांचा, माणूस आपला," नॉरिस म्हणायचे.

त्यांना जाऊन पाच आठवडे झाले होते. दोरी आज पहिल्यांदा बेव्हच्या हातात आली होती, आणि आज नेमका घाना विरुद्ध नॉर्वे होता. पेनल्टी घेणार होता क्वेसी आमोआ, घानाचा आणि आपला. गोलमध्ये उभा होता एरलेंड सोल्बाक, नॉर्वेचा आणि आपला.

गोंधळ दुपारपासूनच होता. बारवरच्या मरिएलने दोन्ही देशांचे झेंडे लावले, मग काढले, मग पुन्हा लावले. पहिल्या वीस मिनिटांत कुणी मोठ्याने ओरडलंसुद्धा नाही.

"आज आपण कोणाकडून?" कुणीतरी विचारलं होतं.

"आपल्याकडून," क्लिफ म्हणाला. तो नॉरिसचा चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, शेजारच्या खुर्चीवरचा.

"म्हणजे कोण?"

"गप बसून बिअर पी."

आता शेवटची चार मिनिटं उरली होती. एकही गोल झालेला नव्हता. बरोबरी नॉर्वेला पुरेशी होती. घानाला जिंकावंच लागणार होतं, नाहीतर घरी.

"घरी म्हणजे कुठे?" क्लिफ म्हणाला. "इथेच ना? जो हरेल तो इथे आधी येईल, एवढंच."

"गोल झाला तर वाजव, बेव्ह," मागून एक जण म्हणाला.

"आणि एरलेंडच्या तोंडावर वाजवायची होय रे? अडवला तर वाजव."

"मग क्वेसीने काय घोडं मारलंय?"

"दोन्ही वेळा वाजव ना, झालं."

"अरे शहाण्या, मग वाजवायची नाही कधी?"

बेव्ह क्लिफकडे वाकली.

"बाबांनी काय केलं असतं?"

क्लिफने विचार केला. खरोखरच केला.

"अशा वेळी तो मुतायला गेला असता, पोरी."

बेव्हला हसू आलं आणि लगेच गेलं. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत ती त्यांना बरंच काही विचारून आली होती. बॉयलरची किल्ली कुठे असते, कुत्र्याला गोळी कशातून द्यायची, काळा सूट की राखाडी. हे विचारायचं राहिलं होतं.

पडद्यावर क्वेसीने चेंडू ठिपक्यावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. एरलेंड गोलरेषेवर दोन्ही हात पसरून उभा राहिला. दर मंगळवारी, इथून अर्ध्या मैलावर, सराव संपला की हे दोघे एकमेकांसमोर असेच उभे राहत. क्वेसी वीस मारायचा. हरेल त्याने दुसऱ्याचे बूट धुवायचे. नॉरिस कुंपणाला टेकून मोजत बसायचे आणि घरी येऊन सांगायचे. क्वेसी धावत येताना शेवटच्या पावलाला थबकतो, हे हॉलमध्ये सगळ्यांना माहीत होतं. ते एरलेंडलाही माहीत होतं. आणि त्याला माहीत आहे, हे क्वेसीला माहीत होतं.

क्वेसी धावला. आज तो थबकला नाही.

एरलेंड उजवीकडे झेपावला, चेंडू त्याच्या छातीवर आदळला आणि त्याने तो दोन्ही हातांनी पोटाशी आवळला. तो तसाच पालथा पडून राहिला. नॉर्वेचे खेळाडू धावत येऊन त्याच्यावर पडले. क्वेसी ठिपक्यापाशी उकिडवा बसला आणि त्याने शर्ट तोंडावर ओढून घेतला.

हॉलमधल्या माना पुन्हा बेव्हकडे वळल्या. सगळे वाट पाहत होते.

बेव्हने दोरी ओढली. टोला पडला, आणि तो हॉलभर पोचायच्या आत तिने दुसरा हात वर नेऊन घंटेवर ठेवला. आवाज मध्येच तुटला.

क्लिफने डोक्यावरची टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

तळव्याखाली पितळ अजून थरथरत होतं. बेव्हने वर पाहिलं. बाकी सगळी घंटा काळवंडलेली होती. फक्त तिने हात ठेवला तिथे ती पिवळीधमक होती. दुपारी तिने मरिएलला विचारलं होतं, एवढाच तुकडा का घासलास म्हणून. "मी कधी हात लावलाय तिला?" मरिएल म्हणाली होती.

थरथर थांबली तरी तिने हात काढला नाही. तिच्या बोटांच्या पलीकडे सगळ्या बाजूंनी बोटभर पिवळं पितळ उरलं होतं.