ठिगळ

"टेलरकाका, खांद्याचा स्नायुबंध पार विरला होता. नुसत्या टाक्यांनी धरला नसता, म्हणून वरून कृत्रिम जाळीचं ठिगळ लावलंय," सर्जन म्हणाले होते. त्याला आता चार महिने झाले.

दवाखान्यात व्यायाम करून घेणारी मुलगी आजही त्यांचं कोपर तळहातावर तोलून हात हळूहळू वर नेत होती. हात खांद्याच्या रेषेत आला आणि काका कळवळले.

"इतकं पक्कं ठिगळ, मग अडतंय कुठे? घरी व्यायाम करून घेणारं कोणी आहे का?"

"नाही गं."

"मग अजून महिनाभर इथेच या."

"येतो की!"

 

घरी पोचल्यावर काकांनी तोच हात सरळ उंच केला आणि दाराच्या चौकटीवरची किल्ली काढली.